विसराळूपणाची चाचणी : किती पैशांची, किती कामाची?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या चाळणी चाचण्यांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. उत्तरं मज्जाविकार, वृद्धोपचार आणि मानसशास्त्र या तिन्ही क्षेत्रांतल्या सल्लागारांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे दोनशे सभासद आहेत. एका कंपनीने टॅबवर घ्यायची स्मृती-चाचणी माणशी ३५० रुपयांत देऊ केली आहे. आमच्याकडे ७५,००० रुपये शिल्लक आहेत. समितीतले काही जण म्हणतात, त्यापेक्षा कागदावरची फुकट चाचणी घेऊ. यातलं परवडेल काय? — कार्यवाह, नौपाडा, ठाणे

आधी हिशेब मांडू, चाचणी नंतर निवडू.

लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाच्या २०२३ मधल्या आकड्यांनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. दोनशेंना हे प्रमाण लावलं तर १५ जण होतात. खरं तर स्वतःच्या पायांनी गोखले रोडची गर्दी ओलांडून संघात येणाऱ्यांमध्ये ते याहून कमीच असणार, पण १५ धरून चालू.

समजा, सगळ्यांची ‘मोका’ ही प्रसिद्ध चाचणी घेतली. ती ३० गुणांची असते आणि २६ च्या खाली गुण आले की पुढची तपासणी सुचवतात. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेत असं दिसलं, की ही सीमारेषा डिमेन्शिया असलेल्यांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक लोक पकडते, पण नसलेल्यांपैकीही ४० टक्क्यांहून अधिक लोक तिच्यात अडकतात. तुमच्या संघात १५ पैकी १४ सापडतील आणि उरलेल्या १८५ मधले ७४ जण नाहक अडकतील. संध्याकाळी ८८ माणसं चिठ्ठी घेऊन घरी जातील. रक्ततपासणी, मेंदूचं स्कॅनिंग आणि तज्ज्ञांच्या भेटी मिळून माणशी १०,००० रुपये धरा (हा आकडा हिशेबापुरता, रुग्णालयाप्रमाणे तो बराच खालीवर होतो). बेरीज ८ लाख ८० हजार, म्हणजे सापडलेल्या एका रुग्णामागे सुमारे ६३,०००. टॅबचे ७०,००० यात अजून धरलेलेच नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. समितीचा सगळा वाद मात्र कोंबडीच्या भावावर चाललेला आहे.

दोन टप्पे केले तर चित्र बदलतं. पहिल्या टप्प्यात अशी छोटी चाचणी घ्या, जी आजारी लोकांतले ८० टक्के पकडते आणि निरोगी लोकांतले ८५ टक्के सुखरूप सोडते. १२ खरे आणि २८ नाहक, असे ४० जण उरतात. या ४० जणांचीच, दुसऱ्या दिवशी, शांतपणे मोठी चाचणी घ्या. तिची दोन्ही प्रमाणं ८५ टक्के धरली तर १० खरे आणि ४ नाहक उरतात. आता पुढचा खर्च १ लाख ४० हजार, म्हणजे एका रुग्णामागे १४,०००. (एका चाचणीत अडखळणारा माणूस दुसरीतही अडखळण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे प्रत्यक्षात नाहक अडकणारे चारापेक्षा थोडे जास्त निघतील.) याची किंमतही आहे: १५ पैकी ५ जण सुटतात. म्हणून ‘पास’ झालेल्यांना कुठलंही प्रमाणपत्र वाटू नका. सुटलेला माणूस तेच प्रमाणपत्र दाखवून दोन वर्षं डॉक्टरकडे जाणं टाळतो.

आमचा सल्ला याहून साधा आहे. सरसकट शिबिर घेऊच नका. कुठलीही तक्रार नसलेल्या ६५ वर्षांवरच्या लोकांची चाळणी करावी की नाही, यावर अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२० मध्ये ‘पुरावा अपुरा’ असाच निर्वाळा दिला. ब्रिटनची राष्ट्रीय स्क्रीनिंग समितीही सरसकट चाळणीची शिफारस करत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ४,००५ लोकांवर याची रीतसर चाचपणी झाली. वर्षभराने, चाळणी झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या जगण्याच्या गुणवत्तेत फरक दिसला नाही. शिवाय चाळणीत अडकलेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनी पुढची तपासणीच नाकारली. शिबिर भरवणाऱ्या प्रत्येक समितीने ही शेवटची गोष्ट फलकावर लिहून ठेवावी.

त्याऐवजी सूचना लावा: ‘गेल्या वर्षभरात स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या विसरण्यात फरक जाणवला असेल, तर घरच्या एका माणसाला सोबत घेऊन या.’ समजा ३० जण आले आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर आजार आहे. तीच ८५ टक्क्यांची चाचणी इथे ८-९ जणांना पकडेल आणि फक्त तिघांना नाहक अडकवेल. पुढे पाठवलेल्या बारांपैकी नऊ खरे. चाचणी तीच, ती कोणाची घ्यायची हे बदलल्यावर तिची किंमत वसूल झाली.

त्या दिवशीची तयारी अशी करा. माणशी पंधरा मिनिटं धरली तर दोन प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ चार तासांत ३० जण आटोपतात. खोली दार बंद होणारी हवी. बाहेर चहाचे कप वाजत असतील तर शब्द लक्षात ठेवण्याचे गुण हमखास जातात. भिंतीवरचं कालनिर्णय आणि घड्याळ उतरवा, नाहीतर तारीख आणि घड्याळाचं चित्र दोन्ही तिथूनच उतरून घेतले जातात. वाचायचा चष्मा आणि कानाचं यंत्र (बॅटरी चालू असलेलं!) आणायला आधीच सांगा. सोबतच्या माणसाला खोलीबाहेर बसवा. ‘सांगा ना बाबा, परवाच तर बोललो’ अशी मदत घरचे नकळत करतात. निकाल त्या व्यक्तीला आणि तिने सांगितलेल्या एकाच नातेवाइकाला द्यायचा. संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यादी टाकायची नाही.

तारीख ठरवण्याआधी पुढचा रस्ता ठरवा. जिल्हा सामान्य रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथे कुठल्या वारी, कोणत्या ओपीडीत जायचं ते विचारून चिठ्ठीवरच छापा. मनोरुग्णालयाचं नाव ऐकून लोक बिचकतात, म्हणून आणखी एक पर्याय द्या. टॅबवाल्या कंपनीचे वाचलेले पैसे ज्यांना परवडत नाही त्यांच्या रक्ततपासणीसाठी ठेवा. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं, ओपीडीतल्या तपासण्यांना नाही. खिसा नेमका तिथेच कापला जातो.

वडील बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, वय ७१. सोसायटीच्या हिशेबात हल्ली चुका करतात, दोनदा एकच बिल भरलं. डॉक्टरांनी चाचणी घेतली, ३० पैकी २७ आले, ‘वयोमानाप्रमाणे आहे’ म्हणाले. आम्ही निर्धास्त राहावं का? — कोपरखैरणे

नाही. २७ गुण ज्या चाचणीत आले ती बहुधा एमएमएसई असावी. १९७५ पासून ती जगभर वापरली जाते आणि २४ च्या खाली गुण गेले तर शंका घ्यायची असा तिचा रिवाज आहे. आयुष्यभर आकड्यांत वावरलेल्या माणसाला शंभरातून सात-सात वजा करणं म्हणजे हातचा मळ. त्याचं नियोजन आणि निर्णयशक्ती बरीच घसरली तरी या चाचणीत तो पंचविशीच्या वर राहू शकतो, कारण नियोजन आणि निर्णय ती जवळपास तपासतच नाही. दोनदा बिल भरणं नेमकं त्याच खात्यात मोडतं.

त्यांच्यासाठी मोका अधिक योग्य. तिच्यात आकडे-अक्षरं आलटूनपालटून जोडणं, घनाकृती काढणं, पाच शब्द काही मिनिटांनी आठवणं असे वरच्या पायरीचे प्रश्न असतात. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. तुमच्या वडिलांना तो लागू नाही. दुसरा पर्याय एसीई-३. तिला शंभर गुण असतात, पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि वापराचे पैसे पडत नाहीत. तिच्यात ८८ आणि ८२ अशा दोन रेषा वापरतात. बेरजेपेक्षा स्मृतीचे २६ गुण आणि शब्द सुचण्याचे १४ गुण यांत कुठे गळती आहे, ते डॉक्टरांना विचारा.

पण सगळ्यांत स्वस्त आणि या घडीला सगळ्यांत उपयोगाचं साधन तुमच्याच हातात आहे. आयक्यूकोड नावाची १६ प्रश्नांची यादी घरच्या माणसाने भरायची असते. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज हा माणूस कसा आहे, असं प्रत्येक प्रश्न विचारतो. ३ म्हणजे फरक नाही, ४ म्हणजे थोडा बिघाड, ५ म्हणजे बराच. सरासरी ३.४ च्या आसपास किंवा वर गेली तर तपासणी हवी. इथे वडिलांची तुलना त्यांच्याशीच होते, त्यामुळे जास्त शिकलेला माणूस गुणांच्या आड लपू शकत नाही.

पुढच्या भेटीला तारखांसह टिपण न्या: कुठलं बिल, कधी, किती रुपये, चूक कोणाच्या लक्षात आली, त्यांना पटली का. ‘हल्ली विसरतात’ या वाक्यावर कुठलाही डॉक्टर फारसं काही करू शकत नाही. मन उदास आहे का, झोप कशी आहे, ऐकू नीट येतं का, हेही सांगा; उदासीनता हुबेहूब विसराळूपणासारखी दिसते. सगळं ठीक निघालं तरी सहा ते बारा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या. मोकाच्या समांतर प्रती असतात, त्यातली दुसरी मागा. महिन्याभरात तीच प्रत पुन्हा दिली तर सरावाने गुण वाढतात.

आजी कधी शाळेत गेली नाही, घरात आगरीच बोलते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रुग्णालयात तिची चाचणी झाली, ३० पैकी १४ आले, कागदावर ‘डिमेन्शिया’ लिहिलं. घरात तर ती सगळं करते! — घणसोली गाव

कागदावरचा शब्द बाजूला ठेवा आणि १६ गुण कुठे गेले ते पाहा. एमएमएसईमध्ये लागोपाठ वजाबाकीला ५, लिहिलेलं वाचून तसं करण्याला १, एक वाक्य लिहिण्याला १ आणि आकृती उतरवण्याला १ गुण असतो. हातात कधी पेन न धरलेल्या बाईचे हे ८ गुण आजार नसतानाच जाऊ शकतात. मोतीबिंदू असल्यामुळे दाखवलेली वस्तू धड दिसली नाही तर आणखी जातात. उरलं तारीख-वार आणि ठिकाण. तिला तिथी अचूक ठाऊक असेल, इंग्रजी तारीख नसेल. तपासणाऱ्याने तिथी बरोबर मानायला हवी होती. ‘जिल्हा कोणता?’ हा प्रश्न तर आपल्या भागात धडधाकट माणसालाही चकवतो. घणसोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, पनवेल रायगडात. आणि लोक सर्रास सांगतात ‘नवी मुंबई’.

हा घोळ जुना आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांमध्ये, जिथे बहुतेक ज्येष्ठ निरक्षर होते, तिथल्यासाठी एमएमएसईचं रूप बदलून एचएमएसई ही हिंदी चाचणी तयार केली गेली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच प्रकल्पातून रोजच्या जगण्यातल्या क्षमता विचारणारी ‘ईझी’ ही प्रश्नावली आली. आजीसाठी अशाच प्रकारची, लिहिणं-वाचणं टाळणारी चाचणी मागा. निरक्षरांसाठी मोकाचीही वेगळी, ‘बेसिक’ आवृत्ती आहे. हिंदी चाचणीचं तिथल्या तिथे मनाने मराठी करणं मात्र नको. आठवायचे शब्द बदलले की अवघडपणा बदलतो आणि सीमारेषा निरर्थक होते. प्रश्न समजावून सांगायला आगरी जाणणारी परिचारिका किंवा समाजसेविका चालेल. नात नको, ती उत्तर सुचवते.

घरी या गोष्टी पाहा. कालवणात मीठ दोनदा पडतं किंवा पडतच नाही, असं नव्याने होऊ लागलंय का? मासळी घेताना पाचशेची नोट दिल्यावर परत आलेले पैसे ती मोजते का? गावठाणातल्या गल्लीत वाट चुकली आहे का? लग्नाकार्यात कोण कोणाचं, हे गोंधळतं का? तुलना पाच-दहा वर्षांपूर्वीच्या आजीशी करायची, शेजारणीशी नाही. यातलं काहीच बदललेलं नसेल तर १४ या आकड्याला फारसा अर्थ नाही. मोतीबिंदू काढल्यावर, दीड-दोन महिन्यांनी, नवा चष्मा लावून पुन्हा तपासा आणि आधीच्या कागदावरची नोंद दुरुस्त करून घ्या. ती नोंद पुढे विम्याच्या आणि इस्पितळांच्या कागदांत फिरत राहते.

मी ऐरोलीत फॅमिली डॉक्टर आहे. दिवसाला साठ रुग्ण, एकाला चार-पाच मिनिटं. एमएमएसईचे पैसे पडतात असं ऐकतो, मोकाला प्रशिक्षण लागतं. परवडेल असं काय वापरावं?

ऐकलंत ते बरोबर आहे. एमएमएसईचे हक्क अमेरिकन प्रकाशन कंपनीकडे आहेत आणि फॉर्म विकत घ्यावे लागतात. मोका वापरण्यासाठी सशुल्क प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. पण तुमच्या दवाखान्यात सगळ्यांत महाग वस्तू फॉर्म नसून तुमची मिनिटं आहेत, म्हणून निवड मिनिटांवर करा.

ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांसाठी २०१७ मध्ये एक आर्थिक प्रतिमान प्रसिद्ध झालं. त्यात डॉक्टरचा निव्वळ अंदाज, एमएमएसई, ६-सीआयटी आणि जीपीकॉग असे चार मार्ग ताडून पाहिले. तिन्ही चाचण्या नुसत्या अंदाजापेक्षा किफायतशीर ठरल्या आणि त्यांत जीपीकॉग सर्वांत पुढे राहिली. तिथले पौंड इथे रुपयांत फिरवण्यात अर्थ नाही. तिथे पुढची सेवा सरकार देते, इथे कुटुंब. पण क्रम लागण्याचं कारण इथेही लागू पडतं: जीपीकॉग छोटी आहे, फुकट आहे आणि घरच्या माणसाची साक्ष तिच्यात अंगभूतच आहे.

ती ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये फॅमिली डॉक्टरांसाठीच तयार झाली. सुरुवातीला एक नाव-पत्ता सांगायचा, रुग्णाकडून म्हणवून घ्यायचा (लागलं तर चार वेळांपर्यंत) आणि ‘थोड्या वेळाने विचारीन’ असं बजावायचं. मग आजची तारीख, पूर्ण आणि अचूक: १ गुण. मोठं वर्तुळ देऊन घड्याळाचे आकडे लिहायला लावायचे: १ गुण. त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं: १ गुण. गेल्या आठवड्यातली एखादी बातमी: १ गुण. ‘निवडणूक’ एवढंच म्हणाले तर थांबू नका, तपशील विचारा; ‘राजकारण चाललंय’ या उत्तराला गुण नाही. शेवटी नाव-पत्त्याच्या पाच भागांचे ५. एकूण ९.

अकरा वाजून दहा ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. नियोजन बिघडलेला माणूस ‘दहा’ ऐकून काटा २ वर न नेता १० च्या आकड्यावर नेतो. तो काटा कुठे जातो ते स्वतः बघा, नंतर कंपाउंडरने आणून दिलेला कागद पुरेसा नाही. माणूस कुठे थबकला, काय पुसलं, हे कागदावर उमटत नाही.

९ आले तर सध्या थांबा. ४ किंवा कमी आले तर थेट पुढच्या तपासण्या. ५ ते ८ मध्ये घरच्या माणसाला सहा प्रश्न विचारायचे: अलीकडच्या गोष्टी, काही दिवसांपूर्वीचं बोलणं, नेमका शब्द न सुचणं, पैशांचे व्यवहार, स्वतःची औषधं आणि प्रवासाला लागणारी मदत. प्रत्येक ‘नाही, पूर्वीपेक्षा त्रास वाढलेला नाही’ या उत्तराला १ गुण. ३ किंवा कमी गुण आले तर पुढे पाठवा. हा सहा प्रश्नांचा कागद बाहेर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला स्वागतकक्षातच भरायला दिला तर तुमची दोन मिनिटं वाचतात आणि सासऱ्यांसमोर सुनेला अवघडही होत नाही.

नाव-पत्ता मनाने ‘मासुंदा तलाव, ठाणे’ असा करू नका. तो ठाणेकराला बसल्या जागी पाठ असतो. तयार अनुवाद हाती असेल तर तोच वापरा.

जीपीकॉग जमत नसेल तर मिनी-कॉग: तीन शब्द, घड्याळ, पुन्हा तीन शब्द. शब्दाला एकेक आणि अचूक घड्याळाला २ गुण, एकूण ५. ३ च्या खाली गुण आले तर शंका. तीन मिनिटांत होते. निरक्षर रुग्णाला दोन्हींतलं घड्याळ अन्यायाचं ठरतं, हे लक्षात असू द्या.

ताप, लघवीचा संसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा दोन-चार दिवसांत आलेला गोंधळ असताना यातलं काहीच घेऊ नका. तो डेलिरियम (आजारपणामुळे अचानक येणारा भ्रम) असू शकतो आणि तिथे कारण शोधायला हवं. चाचणीआधी औषधांची पिशवी उलटी करा. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, सर्दीच्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामीन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनीन, ट्रायहेक्सिफेनिडिल, अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम यांतलं स्मरणशक्ती मंदावणारं एखादं औषध बहुधा सापडतंच. ते हळूहळू कमी करून पुन्हा गुण पाहणं हा या यादीतला सर्वांत स्वस्त उपचार आहे. अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका, एवढं पथ्य तुम्हाला सांगायला नको.

वाशीतल्या एका लॅबने ‘ब्रेन पॅकेज’ देऊ केलं आहे: एमआरआय, जनुकीय चाचणी आणि अल्झायमरची नवी रक्तचाचणी. आई विसरते. घ्यावं का?

या क्रमाने नको. आधी वर सांगितल्यासारखी कागदी चाचणी आणि घरच्यांची प्रश्नावली. त्यांत शंका आली तर साध्या रक्ततपासण्या: रक्तघटक, साखर, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ जीवनसत्त्व. आई शाकाहारी असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेत असेल, तर बी-१२ कडे आधी पाहा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर सोडियमकडे. यांतलं काही बिघडलेलं असलं तर ते आधी दुरुस्त करतात आणि मग पुन्हा चाचणी घेतात.

स्कॅन त्यानंतर, आणि तो तज्ज्ञाने सांगितल्यावर. डोक्यात गाठ, साठलेलं रक्त किंवा पाणी नाही ना, एवढं पाहायला अनेकदा सीटीही पुरतो आणि तो एमआरआयपेक्षा स्वस्त असतो. मेंदूच्या कुठल्या भागाची झीज आहे किंवा बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान किती, हे एमआरआयमध्ये चांगलं दिसतं. दोन परिस्थितींत मात्र वाट पाहू नका. पडल्यानंतर काही आठवड्यांत विसरणं वाढलं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लगेच सीटी. आणि विसरण्याबरोबर चाल जमिनीला चिकटल्यासारखी झाली, लघवीवर ताबा राहिला नाही, तर मेंदूत पाणी साठण्याचा आजार असू शकतो; त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय आहे.

एपीओई ही जनुकीय चाचणी आईला अल्झायमर आहे की नाही ते सांगत नाही. जोखमीचं जनुक असूनही कित्येकांना तो होत नाही, नसूनही होतो. शिवाय निकाल तुमच्या आणि तुमच्या भावंडांच्या डोक्यावर बसतो. पी-टाऊ २१७ ही नवी रक्तचाचणी कामाची आहे, पण लक्षणं असलेल्या रुग्णात, तज्ज्ञाच्या हाती. पॅकेजमध्ये ती घेऊन निकाल एकट्याने वाचण्यासारखी नाही.

मोबाइलवरच्या स्मृती-चाचण्या विश्वासार्ह असतात का? — माजिवडा

खेळ म्हणून खेळा. ज्या अ‍ॅपसोबत कोणत्या वयाच्या, किती शिकलेल्या आणि कुठल्या भाषेच्या लोकांवर ते तपासलं, हे लिहिलेलं नसतं, त्याच्या गुणांवरून काहीही ठरवू नये. बोट नीट सरकलं नाही म्हणूनही गुण जातात. माहिती कुठे साठते तेही विचारा.

आई चाचणीला तयारच नाही. ‘मला वेडी ठरवताय’ म्हणते. फसवून नेलं तर? — खारघर

ताकाला जाऊन भांडं लपवू नका, आणि फसवूही नका. एकदा कळलं की पुढची प्रत्येक भेट अवघड होते. रक्तदाब, कान, डोळे अशी नेहमीची तपासणी म्हणून, तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडे जा. ‘त्यात थोडे लक्षात ठेवायचे प्रश्नही असतील’ हे आधीच सांगा. तुमचं टिपण आणि घरच्यांची प्रश्नावली डॉक्टरांना दोन दिवस आधी पोचवा, म्हणजे तिच्यासमोर तिच्या चुका वाचाव्या लागणार नाहीत. सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर थकवा गुणांत दिसतो. ती ठाम नकार देत असेल आणि कसलाही धोका नसेल, तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विषय काढा. गॅस चालू राहणं, वाट चुकणं, औषधाचा दुहेरी डोस यांतलं काही घडत असेल तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर किंवा ज्येष्ठांच्या एल्डरलाइनच्या १४५६७ वर फोन करून काय करायचं ते विचारता येतं.

एक काम चाचणीची वाट न पाहता सुरू करा: बँकेतले नामनिर्देशन, संयुक्त खातं, मृत्युपत्र. हे सगळं तिला समजत असताना, तिच्या मर्जीने आणि तिच्या सहीने व्हायला हवं. साधं मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असा समज असतो. पण देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यानुसार ते मुखत्यारपत्र संपतं, आणि मग खातं चालवायला न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मृत्युपत्र करण्याच्या दिवशी डॉक्टरांकडून ‘समज शाबूत आहे’ असा दाखला, शक्य असेल तर त्याच आठवड्यातल्या चाचणीच्या गुणांसह, घेऊन ठेवा.